पिक्चर ट्यूबच्या जुन्या संगणकांची दुरुस्ती : आधी खोली, मग यंत्र

१६ एप्रिल २०२४

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत भांडारखोलीत पडून असलेले जुने संगणक दुरुस्त करून सार्वजनिक वाचनालयात मुलांना पाहण्यासाठी, आणि जमल्यास हाताळण्यासाठी, ठेवावेत असे मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे कार्यवाह यांच्याशी बोलून ठरले. दुरुस्तीचे काम माझ्याकडे आहे आणि मदतीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे गावातलेच दोन विद्यार्थी आहेत. हिरव्या अक्षरांचा एक १२ इंची मॉनिटर, काही १४ इंची रंगीत मॉनिटर आणि नव्वदच्या दशकातल्या संगणकांच्या पेट्या असा हा माल आहे. सगळ्यांवर धूळ आहे आणि गावाबाहेरच्या जिनिंगमधून उडत येणारी रुई हवेच्या फटींत गच्च बसलेली आहे.

पहिला निर्णय असा की यांतले एकही यंत्र आहे त्या अवस्थेत प्लगमध्ये लावायचे नाही. "एकदा चालू करून तर पाहू" हा आग्रह सर्वांचाच असतो. परंतु पंधरा-वीस वर्षे बंद पडलेल्या यंत्रात कोणता कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) सुकला आहे, कोणत्या तारेचे आवरण उंदरांनी कुरतडले आहे, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

मुलांना पिक्चर ट्यूबच्या वीस हजार व्होल्टची धास्ती आहे आणि ती असलीच पाहिजे. मात्र त्यांना आजच सांगून ठेवले की आपल्या कामातला मोठा धोका त्या आकड्यात नसून घरोघरी येणाऱ्या २३० व्होल्टमध्ये, त्यावर भारलेल्या कपॅसिटरमध्ये आणि आपण ज्या खोलीत काम करणार तिच्या वायरिंगमध्ये आहे. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात खोलीपासून होईल.

१९ एप्रिल

शाळेने कामासाठी दिलेली खोली तपासली. शाळेतले जुने शिक्षक सांगतात की पूर्वी संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत, आणि "कॉम्प्युटर आहे, थोडा करंट मारणारच" अशी सर्वांनी समजूत करून घेतली होती. त्या झिणझिण्यांचे कारण ठाऊक असलेले आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी, तारांतल्या विद्युत गोंगाटाला (नको असलेल्या स्पंदांना) आवर घालण्यासाठी, फेजपासून पत्र्यापर्यंत आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत असे दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर त्यांतून जाणारा किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थच नसेल तर पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लटकत राहतो. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून जेमतेम ०.३४ मिलिअँपिअर वाहते, त्याने जीव जात नाही. परंतु एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सहा संगणक असतील तर ही गळती दोन मिलिअँपिअरपर्यंत पोहोचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या दिवशी फेजची तार खरोखरच पत्र्याला टेकेल त्या दिवशी तिला वाट देणारे काहीही नसेल. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नसल्याची सूचनाच होती आणि ती वर्षानुवर्षे मिळत होती.

मोजणीत तेच दिसले. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २२८ व्होल्ट मिळाले, पण फेज आणि अर्थ यांच्यात डिजिटल मल्टिमीटर कधी ९०, कधी १३० असा भरकटलेला आकडा दाखवत होता. अशा वेळी मीटरवर विसंबू नये, कारण त्याचा अंतर्गत रोध इतका मोठा असतो की न जोडलेल्या तारेवरही तो व्होल्टेज दाखवतो. निऑनच्या टेस्टरने फेज कळतो, अर्थ चांगला आहे की नाही हे त्याने मुळीच कळत नाही. त्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब क्षणभर लावून पाहिला. तो पेटला नाही. ही चाचणी करण्याआधी त्या वायरिंगवरची सगळी उपकरणे प्लगमधून काढली होती. अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर बल्बमधून आलेला फेज त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर उतरतो, आणि शेजारच्या खोलीत कोणी कूलरला हात लावून उभे असेल तर अनर्थ होईल.

बोर्ड उघडल्यावर सर्व सॉकेटांची हिरवी तार एकत्र येऊन लाकडी फळीतल्या एका स्क्रूला गुंडाळलेली आढळली. पुढे ती कोठेही जात नव्हती.

२८ एप्रिल

परवानाधारक वायरमनभाऊंकडून नवे अर्थिंग करून घेतले. शाळेतल्या एका गृहस्थांनी सुचवले होते की एवढा खड्डा खणण्यापेक्षा सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तार मारावी. हा उपाय आमच्या भागात बऱ्याच घरांत केलेला दिसतो आणि तो अत्यंत घातक आहे. न्यूट्रल कोठेही तुटला, किंवा कोणी बोर्डात फेज-न्यूट्रल उलट जोडले, तर पूर्ण २३० व्होल्ट सरळ यंत्राच्या पत्र्यावर येतात, आणि तेही कोणताही फ्यूज न उडता. वायरमनभाऊंनी ते काम करायला स्वच्छ नकार दिला, याचे मला समाधान वाटले.

अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पाइप-इलेक्ट्रोडची लांबी किमान २.५ मीटर सांगितलेली आहे. त्याप्रमाणे गॅल्व्हनाइज्ड पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले आणि वर पाणी घालण्यासाठी फनेल ठेवले. आमच्याकडची काळी कापसाची जमीन ओली असताना वीज फार चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपभोवतालची माती त्याला सोडून देते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर सर्वाधिक चालतात, त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. कूलरच्या पत्र्याला चिकटून माणसे गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात का येतात, याचे एक कारण येथे आहे. फनेलमध्ये दर आठवड्याला पाणी घालण्याचे काम शाळेच्या शिपाईभाऊंनी आपणहून घेतले.

अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आसपास रोध आला. हा आकडा चांगला आहे, पण पुरेसा नाही, हे मुलांना कागदावर मांडून दाखवले. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. फेज पत्र्याला टेकला तर फार तर एवढा प्रवाह वाहील, आणि १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इतक्या प्रवाहाला ताबडतोब पडेलच असे नाही. तो तापून पडेपर्यंत पत्रा जिवंत राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (एवढीशी गळती जमिनीकडे होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. त्याचे टेस्ट बटन दाबून तो पडतो याची खात्री केली, आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी हे बटन दाबायचे असे बोर्डावरच लिहून ठेवले.

५ मे

टेबलाची मांडणी झाली. लाकडी टेबल, त्याखाली रबरी चटई. खोलीची जमीन पूर्वी शेणाने सारवलेली होती आणि अजूनही एका कोपऱ्यात मातीचीच आहे. अशी जमीन ओलसर असली की तीच माणसाला अर्थशी जोडते, म्हणून अनवाणी कोणीही टेबलाजवळ येणार नाही. कूलर खोलीतून बाहेर काढला. उकाडा सोसावा लागेल, परंतु दमट हवा आणि पायाखाली सांडलेले पाणी घेऊन उघड्या पॉवर सप्लायवर काम करणे मला मान्य नाही.

टेबलावर दोन गोष्टी कायमच्या बसवल्या आहेत, सिरीज बोर्ड (यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक बल्ब जोडणारा) आणि १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढेच ठेवून यंत्राला मेन्सपासून वेगळे करणारा). दोघांची कामे वेगळी आहेत, आणि रेडिओ-टीव्हीच्या दुकानांत शिकलेल्या मुलांकडून येथेच गल्लत होते. सिरीज बल्ब यंत्राला वाचवतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, प्रवाह मर्यादित राहतो आणि ट्रान्झिस्टर फुटत नाहीत. माणसाला तो वाचवत नाही, कारण माणसाला मारायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात आणि बल्ब त्याच्या कितीतरी पट प्रवाह सहज जाऊ देतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमुळे यंत्रातील एका बिंदूला हात लागला तरी जमिनीमार्गे परिपथ पूर्ण होत नाही. दोन बिंदूंना दोन हात लागले तर मात्र तो काहीच करू शकत नाही, आणि त्याच्या पुढे जे घडते ते त्याच्या अलीकडे, मेन्सच्या बाजूला बसवलेल्या आरसीसीबीला दिसत नाही. म्हणून एक हात पाठीमागे ठेवण्याच्या सवयीची जागा ही साधने घेऊ शकत नाहीत, ती सवय अंगी बाणवावीच लागते.

बाकीचे नियम थोडक्यात. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. एकट्याने उघडे यंत्र चालू करायचे नाही. दुसऱ्या माणसाने मेन स्विचजवळ उभे राहायचे. कोणी चिकटल्यास त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडायचा, तो हाताशी नसेल तर सुक्या लाकडाने त्याला सोडवायचे, १०८ ला फोन करायचा, आणि श्वास थांबलेला असेल तर छाती दाबण्यास लगेच सुरुवात करायची. गाडी तालुक्याहून येईपर्यंतचा वेळ हा आपल्याच हातातला असतो. दोन्ही मुलांकडून छाती दाबण्याचा सराव उशीवर करून घेतला.

११ मे

संगणकाच्या पॉवर सप्लायपासून प्रारंभ केला. आत मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळसर आवरणाचा कागदी कपॅसिटर निघाला, त्याच्या आवरणाला बारीक भेगा होत्या. भेगांतून ओल आत शिरते, आणि पुढच्या वेळी वीज मिळताच तो फुगून दाट, घाण वासाचा धूर सोडतो. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांच्या पॉवर सप्लायमधले अशा जातीचे कपॅसिटर आता धूर काढतात, हे जुने संगणक जपणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. प्लगमध्ये न लावण्याचा निर्णय येथेच सार्थकी लागला. बदली कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू दर्जाचाच (फेज आणि न्यूट्रल यांच्यात लावण्यासाठी बनवलेला) बसवला. फेजपासून पत्र्याकडे जाणारे कपॅसिटर मात्र वाय दर्जाचेच हवेत, कारण ते शॉर्ट झाले तर फेज थेट पत्र्यावर येतो. दुकानदार "तोच नंबर आहे, चालते" म्हणून साधा कपॅसिटर पुढे करतो. तेथे मान हलवायची नाही.

पाठीमागचा ११५-२३० चा छोटा स्विच २३० वर घट्ट बसवून त्यावर पट्टी चिकटवली. मुलांच्या नखाने तो ११५ वर सरकला तर आतले मुख्य कपॅसिटर दुप्पट व्होल्टेजने फुटतात.

आज मुलांना हिशेब करायला लावला. २३० व्होल्ट एसीचे शिखर १.४१४ पटीने ३२५ व्होल्ट होते. मॉनिटरच्या पॉवर सप्लायमधील २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भारला असेल तर त्यात सुमारे ११.६ ज्यूल ऊर्जा साठते. रंगीत पिक्चर ट्यूबची काच स्वतःच एक कपॅसिटर असते, आतला आणि बाहेरचा ग्राफाइटचा लेप ही तिची दोन पाने. ती २ नॅनोफॅरड धरली आणि २५ हजार व्होल्टला भारलेली मानली तरी ऊर्जा ०.६२५ ज्यूल भरते. ज्या दंडगोल कपॅसिटरकडे कोणाचे लक्षही जात नाही, त्याच्यात ट्यूबच्या अठरा पट ऊर्जा असते. मुले बराच वेळ त्या वहीकडे पाहत होती.

तो रिकामा करण्यासाठी स्क्रूड्रायव्हरने टोके शॉर्ट करण्याची पद्धत येथे चालणार नाही. ठिणगीने सोल्डर उडते, डोळ्यात जाते, आणि कपॅसिटरही खराब होतो. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर विद्युतरोधक नळीत घालून त्याला दोन टोकदार प्रोब लावले आहेत. तो तीन सेकंद धरला की पुरे, पण त्यानंतर मीटरने मोजून आकडा दहा व्होल्टच्या खाली आल्याचे मोठ्याने म्हणायचे आणि मगच बोट आत घालायचे. कपॅसिटरला समांतर बसवलेला रेझिस्टर आपोआप काम करेल, असे गृहीत धरायचे नाही. तो तुटलेला असू शकतो, आणि सप्लाय सुरूच होत नसेल तर भार आपोआप उतरण्याचा दुसरा मार्गही उरत नाही.

१९ मे

हिरव्या अक्षरांचा मॉनिटर उघडला. या आकाराच्या एकरंगी ट्यूबला १२ हजार व्होल्टच्या आसपास लागतात. बऱ्याच जुन्या एकरंगी मॉनिटरांच्या एलओटीत (ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) भार उतरवणारा रेझिस्टर नसतो, आणि सध्याच्या कोरड्या हवेत काचेवरून गळतीही होत नाही, त्यामुळे ट्यूबवरील भार बराच काळ टिकतो.

ट्यूब रिकामी करण्याची पद्धत ठरवून लिहून काढली. प्लग काढून तो सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवायचा. ट्यूबच्या पाठीवरून ताणलेली जी उघडी जाळीदार तार असते, ती बाहेरच्या लेपाला टेकलेली असते. क्लिप तिलाच लावायची, मॉनिटरच्या सर्किटमधल्या कोणत्याही 'ग्राउंड'ला नाही. तेथून भार उतरवला तर त्याचा झटका आयसींतून जातो. क्लिपची तार उच्च व्होल्टेजसाठीच बनवलेल्या १० मेगाओहमच्या रेझिस्टरमधून लांब, पातळ पात्याच्या विद्युतरोधक स्क्रूड्रायव्हरपर्यंत नेलेली आहे. साधे पाव वॉटचे रेझिस्टर येथे वापरू नयेत, ते काही शे व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि ठिणगी त्यांच्यावरून उडी मारते. पाते, उच्च व्होल्टेजची तार जेथे ट्यूबला जोडते तेथल्या रबरी टोपीच्या कडेखालून हळूहळू सरकवत आतल्या धातूच्या आकड्याला टेकवायचे, दुसरा हात पाठीमागे. हलकी चटचट ऐकू आली, कधी येतही नाही. ऐकू न येणे म्हणजे भार नव्हता असे समजायचे नाही, पाते आकड्याला टेकलेच नसेल हीही शक्यता असते. मग रेझिस्टरशिवाय, साध्या तारेने पुन्हा शॉर्ट केले.

पाच मिनिटांनी परत शॉर्ट केले तेव्हा पुन्हा बारीक चटका उमटला. काचेत मुरलेला भार हळूहळू पृष्ठभागावर परततो. म्हणून टोपी काढल्यानंतर आकडा ज्यात अडकतो ती काचेतली धातूची खोबण आणि बाहेरचा लेप एका तारेने जोडून ठेवतो, आणि ती तार लाल रंगाची घेतली आहे, म्हणजे यंत्र चालू करण्याआधी काढायची राहून जाणार नाही.

साध्या मल्टिमीटरचा प्रोब या टोपीजवळ कोणीही नेणार नाही. तो ६०० किंवा १,००० व्होल्टचा असतो आणि ठिणगी थेट हातापर्यंत येते.

या ट्यूबचा धक्का बहुधा ऊर्जेने मारत नाही. माणूस दचकून हात झटकतो आणि तो हात ट्यूबच्या मानेवर किंवा जवळच्या भारलेल्या कपॅसिटरवर आदळतो, खरी दुखापत तेथे होते.

२६ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला आहे. खोलीत दुपारी बसवत नाही. घामाने कातडीचा रोध कित्येक पटींनी घटतो, त्यामुळे पाऊस पडून हवा निवेपर्यंत उघडी यंत्रे चालू करण्याचे काम बंद. या काळात फक्त धूळ आणि रुई ब्रशने काढणे आणि सोल्डर तपासणे चालेल.

१६ जून

पहिला रंगीत मॉनिटर सिरीज बोर्डवर घेतला. सुरुवातीला बल्ब लख्ख पेटला आणि मुले स्विचकडे धावली. रंगीत मॉनिटरात चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल सुरुवातीच्या क्षणी मोठा प्रवाह ओढते, आणि तिच्याबरोबरचा थर्मिस्टर तापला की तो आपोआप ओसरतो. बल्ब सेकंद-दोन सेकंदांत मंदावला तर काळजी नाही, तसाच पेटत राहिला तर बंद करावे. बल्ब १०० वॉटचाच असल्याने सप्लाय चालू-बंद, चालू-बंद असा अडखळत होता, तेव्हा शेजारी आणखी एक १०० वॉटचा जोडला. येथे तारेचाच बल्ब लागतो, एलईडीचा चालत नाही.

चित्र आले, पण आडवे आकुंचित आणि नेहमीपेक्षा जास्त उजळ. तत्काळ बंद केला. हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या (एलओटीला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) कलेक्टरवर बसलेल्या १,६०० व्होल्टच्या छोट्या कपॅसिटरकडे माझा संशय गेला, आणि बाहेर काढून मोजल्यावर त्याचे मूल्य छापील आकड्यापेक्षा बरेच उतरलेले निघाले. हा कपॅसिटर दिसायला क्षुल्लक आहे, परंतु ट्यूबचे व्होल्टेज किती चढेल हे त्याच्यावर ठरते. त्याचे मूल्य घटले की एलओटीतला स्पंद अरुंद आणि उंच होतो, ट्यूबचे व्होल्टेज वाढते, मानेत ठिणग्या उडतात, आणि वाढत्या व्होल्टेजबरोबर क्ष-किरणही वाढतात. ट्यूबच्या काचेत शिसे असते ते या किरणांना अडवण्यासाठीच, पण ती काच ठरावीक व्होल्टेज धरून बनवलेली असते. म्हणून "जवळपासचा" कपॅसिटर न लावता तेच मूल्य, तोच व्होल्टेजचा दर्जा आणि तोच पॉलिप्रॉपिलीनचा प्रकार नागपूरहून मागवला आहे. चित्र उजळ करण्यासाठी मुख्य सप्लायचा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवण्याची युक्ती आमच्या टेबलावर वर्ज्य आहे.

३० जून

कपॅसिटर आला, बसवला, चित्र योग्य मापाचे झाले. पाऊसही चांगला लागला आहे, आणि त्याबरोबर नवी तक्रार. दुसऱ्या रंगीत मॉनिटरातून सळसळ ऐकू येते, अंधारात टोपीभोवती निळसर झाक दिसते आणि ओझोनचा उग्र वास येतो. ट्यूबचे उच्च व्होल्टेज धूळ आणि रुई ओढून घेते, तिच्यात ओल मुरली की तीच वीज वाहू लागते. ट्यूब वरील पद्धतीने रिकामी केली, टोपी आणि काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, रात्रभर वाळू दिली आणि टोपीखाली सिलिकॉन ग्रीस लावले. अल्कोहोलची वाफ पूर्ण जाईपर्यंत प्लग लावलेला नाही. सळसळ थांबली.

२१ जुलै

शेवटच्या मॉनिटरची ट्यूब गेलेली आहे. मानेत आतून जो चंदेरी डाग असतो तो दुधाळ पांढरा पडला आहे, म्हणजे आत हवा शिरली. निर्वात उरला नसल्याने ही ट्यूब आता आत कोसळणार नाही, परंतु बाकीच्या तिन्ही कोसळू शकतात. १४ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटिमीटरच्या घरात असते आणि दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा जवळपास एक किलो दाब असतो. सहाशे किलोंचा हा भार काच रात्रंदिवस पेलत असते. कडेची पोलादी पट्टी सैल करायची नाही, ट्यूब मानेला धरून उचलायची नाही, आणि उचलताना गॉगल व जाड हातमोजे घालायचे.

भंगारवाले काका यॉकमधल्या (ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्यांमधल्या) तांब्यासाठी ही ट्यूब मागत होते. त्यांना नम्रपणे नकार दिला. काच फोडली की शिसे आणि पडद्यावरची भुकटी फोडणाऱ्याच्या हातात आणि नाकात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. तोवर ती खोक्यात, पडदा खाली करून, "फोडू नये, शिशाची काच" असे लिहून भांडारखोलीत ठेवली आहे. चालू झालेले तिन्ही मॉनिटर पुढच्या आठवड्यात वाचनालयात जातील. तेथील सॉकेटांचे अर्थिंग त्याआधी बल्ब लावून तपासायचे आहे, त्यासाठी वायरमनभाऊंनी गुरुवारची सकाळ दिली आहे.